डेंटल असिस्टंट व्हायचंय? सोलापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीतली एखादी आई मुलीला घेऊन माझ्या दारात येते. "अक्का, हिला पण तुमच्यासारखं दातांच्या दवाखान्यात लावा की." मुलगी मागे ओढणीचं टोक पिळत उभी असते. मी आईच्या हातात चहा देते आणि मुलीला विचारते, "कुणाच्या तोंडातलं रक्त पुसशील का?" काही जणी लगेच हो म्हणतात, काहींचा चेहरा उतरतो. थोडं थांबून "शिकवलं तर करीन" म्हणणाऱ्या मुली या कामात टिकतात, असं मला इतक्या वर्षांत दिसलंय.

मी २००८ साली या कामात आले. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि हातात बारावी आर्ट्सची गुणपत्रिका. पहिला पगार महिना १,८०० रुपये. आज होटगी रोडकडच्या तीन खुर्च्यांच्या दवाखान्यात मी मुख्य असिस्टंट आहे. अकरा मुली आणि दोन मुलगे माझ्या हाताखाली शिकून गेले. त्यांना तोंडी सांगितलेलं सगळं इथं एकदा लिहून ठेवते. मुख्य गोष्ट आधीच सांगते: पहिला दवाखाना पगार बघून निवडू नका, शिकवणारा डॉक्टर बघून निवडा. पुढची दहा वर्षं त्यावर ठरतात.

खुर्चीशेजारचं काम

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की असिस्टंट म्हणजे फोन उचलणारी, नावं लिहिणारी आणि ट्रे धुणारी. ते करावंच लागतं. पण पगार वाढतो तो खुर्चीशेजारच्या कामाने.

एका रूट कॅनॉलचंच बघा. पेशंट आत यायच्या आधी मिरर, प्रोब, ट्विझर, भुलीचं इंजेक्शन, रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा), एंडो बॉक्स (रूट कॅनॉलच्या सामानाची पेटी) सगळं मांडलेलं पाहिजे. एंडो बॉक्समधल्या फाइल्सना, म्हणजे दाताची मुळं साफ करायच्या बारीक सुयांना, रंग असतात. १५ नंबर पांढरी, २० पिवळी, २५ लाल, ३० निळी, ३५ हिरवी, ४० काळी. डॉक्टर "पंचवीस" म्हणाले की तुमचा हात लाल रंगाकडे आपोआप जायला हवा. दात धुवायला हायपोक्लोराइट आणि सलाइन अशा दोन सिरिंज भरलेल्या असतात. दोन्हींतलं पाणी सारखंच दिसतं, आणि हायपोक्लोराइट चुकून भलत्या जागी गेलं तर पेशंटचं तोंड भाजून सुजतं. म्हणून भरल्या क्षणी सिरिंजवर चिकटपट्टी लावून नाव लिहायचं. "मग लिहिते" म्हणणारी मुलगी मला खुर्चीशेजारी चालत नाही.

मग सक्शन. डॉक्टर पेशंटच्या उजव्या अंगाला किंवा डोक्यामागे बसतात, तुम्ही डाव्या अंगाला. तुमचं स्टूल डॉक्टरांपेक्षा चार-पाच इंच उंच हवं, तरच वरून तोंडात नीट दिसतं. सक्शनच्या नळीने पाणी ओढायचं, आणि त्याच नळीने गाल किंवा जीभ अलगद बाजूला धरायची. नळी टाळूच्या मागच्या मऊ भागाला लागली की पेशंटला उमासा येतो. डॉक्टरांची नजर दातावरून हलू न देता वस्तू त्यांच्या हातात पोचवायची, वापरलेली परत घ्यायची. हे जमलं की तासाचं काम चाळीस मिनिटांत होतं. असिस्टंटची किंमत डॉक्टरांना कळते ती इथं.

दातांचे नंबर पहिल्या आठवड्यात पाठ करा. तोंडाचे चार भाग: पेशंटची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. प्रत्येक भागात समोरच्या दातापासून मागे १ ते ८ मोजायचं. म्हणजे "छत्तीस" ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांना याच क्रमाने ५ ते ८ हे भाग. मी घरी भावाच्या तोंडात टॉर्च मारून हे पाठ केलं.

सोलापूरला लागणारं वेगळं शिक्षण

पुस्तकात अल्जिनेट कालवायची वेळ दिलेली असते. ती मे महिन्यातल्या सोलापूरसाठी नाही. कवळीचं किंवा क्लिपचं माप घ्यायला ही पावडर पाण्यात कालवून ट्रेमध्ये भरतात. पाणी जितकं गरम, तितकी ती लवकर घट्ट होते. टाकीवरचं पाणी उन्हात तापलेलं असलं तर बाऊलमध्येच गोळा होतो, ट्रे तोंडापर्यंत पोचतच नाही. माझे पहिल्या उन्हाळ्यात एका दिवसात तीन गोळे वाया गेले आणि मी मोरीत जाऊन रडले. माझ्या पहिल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे फ्रिजमधली बाटली काढून दिली. तेव्हापासून मार्च ते जून मापासाठीचं पाणी मी फ्रिजमध्ये ठेवते.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि बोअरचं पाणी जड. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये, घातलं तर आत पांढरी पुटं बसतात आणि मशीन बिघडतं. तिथं डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी रोज संध्याकाळी सोडायचं, नाहीतर ते ओल धरून थेट एअरोटरमध्ये, म्हणजे दात कोरायच्या हवेवरच्या मशीनमध्ये, जातं. दोन मिनिटांचं काम आहे, पण यामुळे दुरुस्तीचा मोठा खर्च वाचतो, आणि कोणती मुलगी हे करते, याकडे डॉक्टरांचं लक्ष असतं.

आणि तंबाखू. मशेरी लावणाऱ्या आजी, मावा खाणारे रिक्षावाले, विडी ओढणारे मागावरचे कामगार, सगळे येतात. बिब बांधताना मी पेशंटला तोंड पूर्ण उघडायला सांगते. पेशंटची स्वतःची तीन बोटं उभी आत जात नसतील, गालात पांढरट ताण दिसत असेल, किंवा बरेच दिवस न भरलेली जखम असेल, तर पेशंटसमोर काही न बोलता केसपेपरवर खूण करून डॉक्टरांना दाखवते. रोगाचं नाव घेणं आपलं काम नाही. पण नजरेतून सुटू न देणं आपलं काम आहे. एका मावशींच्या गालातली जखम मी अशीच दाखवली होती. त्यांचं ऑपरेशन वेळेत झालं. दर गड्ड्याच्या यात्रेनंतर त्या तिळगूळ घेऊन येतात.

भाषा हे तुमचं भांडवल आहे. अक्कलकोटकडून आणि इंडी-विजयपूरकडून येणारे पेशंट कन्नड बोलतात, पूर्व भागातले तेलुगू, काही घरांत दखनी. घाबरलेल्या आजीला तिच्या भाषेत "नोवु आगल्ल" म्हणजे दुखणार नाही, एवढं सांगितलं की ती खुर्चीत सैल होते. अर्ज देताना कुठल्या भाषा बोलता येतात ते पहिल्याच ओळीत सांगा. मी तेलुगूमुळे निवडले गेले होते, हे मला डॉक्टरबाईंनी दोन वर्षांनी सांगितलं.

पहिला दवाखाना कसा शोधायचा

जाहिरातीची वाट बघू नका. सात रस्ता, नवी पेठ, विजापूर रोड, जुळे सोलापूर, अशोक चौक या भागांत चालत फिरा, पाट्या वाचा. साधारण दुपारी एकच्या सुमाराला आत जा. सकाळचे पेशंट संपत आलेले असतात आणि डॉक्टर जेवायला निघालेले नसतात. सोमवारी जाऊ नका, रविवारचं दुखणं घेऊन आलेल्यांची गर्दी असते. नखं कापलेली, केस बांधलेले, हातात बांगड्या-अंगठ्या नाहीत. एवढं बघूनच अर्धा निर्णय होतो.

तुम्हाला ते बघतात, तसं तुम्हीही बघा. वापरलेली हत्यारं धुतल्यावर कागदी पाउचमध्ये सील करून ऑटोक्लेव्ह होतात की नुसती द्रावणात बुडवून ठेवतात? सुया टाकायला पांढरा, न टोचणारा डबा आहे का? पेशंटगणिक ग्लोव्हज बदलतात का? तिथं आधीच काम करणारी मुलगी किती वर्षं आहे? दर सहा महिन्यांनी नवी मुलगी लागत असेल तर कारण आत आहे. जमलं तर तिच्याशीच दोन शब्द बोला.

मग सरळ विचारा: "मला खुर्चीशेजारी उभं करून शिकवाल का?" दोन दवाखान्यांत एकाने पाचशे जास्त दिले पण फक्त रिसेप्शनवर बसवलं, आणि दुसऱ्याने कमी देऊन सक्शन हातात दिलं, तर दुसरा घ्या. माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी जास्त पगारासाठी आधी रिसेप्शनवर गेली. तीन वर्षांनी तिला आरव्हीजीचा (दाताच्या डिजिटल एक्स-रेचा) सेन्सर तोंडात कसा धरायचा हे माहीत नव्हतं आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. हुशार मुलगी, तीन वर्षं गेली. याचं मला आजही वाईट वाटतं.

पगाराची तारीख, आठवड्याची सुट्टी, दिवाळीचं काय, आणि सहा महिन्यांनी वाढ किती, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या आणि वहीत तारखेसह लिहा. बरेच दवाखाने सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ चालतात. रात्री नऊला घरी कसं जाणार, हे आईवडिलांसमोर डॉक्टरांशी बोला. लाजू नका. चांगले डॉक्टर स्वतःच विचारतात. माझ्या पहिल्या डॉक्टरबाई शेवटचा पेशंट साडेआठनंतर घेत नसत, कारण माझी सिटी बस चुकायची.

कागद कुठला लागतो

इथं मुली फसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी ठेवली ती तिघांची: दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक. खुर्चीशेजारच्या असिस्टंटची त्यात नोंदणी नव्हती. त्यामुळे या कामात शिरणं सोपं, पण "मला येतं" हे सिद्ध करणं अवघड. म्हणून तुमचा कागद तुम्हीच जमवायचा. प्रत्येक दवाखाना सोडताना लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या आणि त्यात कोणकोणती कामं केली ते लिहून मागा. नुसतं "प्रामाणिक व मनमिळाऊ" असं पत्र पुढे कुणी वाचत नाही.

हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा डेंटल असिस्टंटचा अभ्यासक्रम आहे, त्याचं प्रमाणपत्र देशभर दाखवता येतं. ज्यांची बारावी सायन्सला झाली आहे त्यांनी हायजिनिस्ट किंवा मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या डिप्लोमाचा विचार जरूर करावा. हायजिनिस्ट दात साफ करू शकतो, मेकॅनिक कवळ्या आणि कॅप बनवतो, आणि दोघांची राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंदणी होते. आपल्याकडे केगावला पंडित दीनदयाळ उपाध्याय डेंटल कॉलेज आहे. तिथं एकदा पेशंट म्हणून जरी गेलात तरी वेगवेगळे विभाग कसे चालतात हे डोळ्यांनी दिसतं.

"तीन महिन्यांत डेंटल नर्स, शंभर टक्के नोकरी" असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. माझ्या मामेबहिणीने एका संस्थेत चाळीस हजार भरले. कर्ज काढून. प्रमाणपत्रावर कुठल्याच मंडळाचं किंवा कौन्सिलचं नाव नव्हतं. भरायच्या आधी प्रमाणपत्राचा नमुना मागा आणि त्यावर ज्या संस्थेचं नाव असेल तिच्या संकेतस्थळावर ते केंद्र सापडतं का ते बघा.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. काही ठिकाणी डॉक्टर बाहेर असताना असिस्टंटला दात साफ करायला, टाके काढायला, कधीकधी इंजेक्शनसुद्धा द्यायला सांगतात. मुलीला वाटतं, माझ्यावर विश्वास टाकला. पण पेशंटला काही झालं तर कायद्यासमोर तुम्ही एकट्या. "सर, हे माझ्या कामात बसत नाही" एवढं शांतपणे म्हणायला शिका.

सुई टोचली तर

कामावर लागायच्या आधी कावीळ बी ची लस सुरू करा. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. चांगला दवाखाना याचे पैसे देतो. नाही दिले तरी स्वतः घ्या.

माझ्या दुसऱ्या नोकरीत सुईवर टोपण परत बसवताना ती माझ्या अंगठ्यात घुसली. मालक म्हणाले, "स्पिरिट लाव, काही होत नाही." मी घाबरून गप्प बसले. संध्याकाळी पहिल्या डॉक्टरबाईंना फोन केला तेव्हा त्या ओरडल्याच: "आत्ता, या क्षणी सिव्हिलला जा." मी गेले. औषध सुरू झालं, २८ दिवस घेतलं, पुढच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. पण त्या महिन्यात मला एकही रात्र नीट झोप लागली नाही.

म्हणून क्रम पाठ करा. जखम दाबायची नाही, चोखायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. डॉक्टरांना सांगायचं. पेशंटला थांबवून त्याची तपासणी करता येते का बघायचं. आणि शक्यतो दोन तासांत सरकारी रुग्णालयात पोचायचं. एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, पण जितकं लवकर तितकं बरं. टोपण दोन हातांनी कधीच लावायचं नाही. ते ट्रेमध्ये ठेवून एका हाताने सुईने उचलायचं.

कचऱ्याचे रंग २०१६ च्या नियमांप्रमाणे: रक्ताचा कापूस आणि काढलेले दात पिवळ्यात, ग्लोव्हज आणि सक्शनच्या नळ्या लाल, सुया-ब्लेड पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. ऑटोक्लेव्ह १२१ अंश, १५ पौंड दाब, पाउचमधल्या हत्यारांना किमान ३० मिनिटं, आणि पाउचवरच्या पट्टीचा रंग बदललाय की नाही हे प्रत्येक वेळी बघायचं. एक्स-रेच्या वेळी उगाच पेशंटजवळ उभं राहायचं नाही. गरोदर असाल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

पुढे कुठं जाता येतं

पहिली दोन वर्षं पगार थोडा असतो. ते लपवून उपयोग नाही. ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) साधारण १० माणसांच्या आणि पीएफ २० माणसांच्या ठिकाणी लागू होतो, आपले बहुतेक दवाखाने त्याहून लहान. म्हणून म्हातारपणाची सोय स्वतः करा. अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयात शिरता येतं आणि साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये पेन्शन मिळते. लवकर सुरू केलं तर हप्ता अगदी कमी बसतो. मी पस्तिशीत सुरू केलं. विशीत कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन-तीन वर्षांचा हात बसला की दारं उघडतात. सगळ्यांत आधी शिकण्यासारखं म्हणजे इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात कृत्रिम दात बसवायच्या, शस्त्रक्रियेतली मदत. निर्जंतुक कापड अंथरणं, किट क्रमाने मांडणं, काय शिवायचं आणि काय अजिबात शिवायचं नाही हे ज्या मुलीला येतं, तिला बाहेरून येणारे सर्जन नावाने मागतात. माझा पगार पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वाढला तो यामुळेच. वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे तारा, ब्रॅकेट, अलायनरची नोंद ठेवणाऱ्या मुलीही लागतात. तिथं रक्त कमी, हिशेब जास्त.

ज्यांना बोलायला आवडतं त्या मोठ्या दवाखान्यात व्यवस्थापक होतात: अपॉइंटमेंट, उपचाराचा खर्च समजावणं, मालाची मागणी. डेंटल सामान विकणाऱ्या दुकानांनाही वस्तू ओळखणारी माणसं हवी असतात. माझ्याकडे शिकलेल्या दोन मुलांपैकी एक आज त्याच कामात आहे आणि बार्शी, पंढरपूर, धाराशिवपर्यंत फिरतो. पुण्या-मुंबईत पगार जास्त, पण खोलीचं भाडं आणि लोकलचा पास आधी वजा करून बघा.

सरकारी बाजूला मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांसाठी दंतवैद्य, हायजिनिस्ट आणि डेंटल असिस्टंट कंत्राटी पद्धतीने घेण्याची तरतूद आहे. जिल्हा परिषदेच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती येतात, महिन्यातून एकदा बघायची सवय लावा. तिथं नोंदणी आणि प्रमाणपत्र आधी विचारतात, म्हणून वरचा कागदाचा भाग पुन्हा वाचा. आखाती देशांत जायचं असेल तर एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का, हे बघितल्याशिवाय पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका.

पहिला दिवस

शंभर पानी वही, पेन आणि डबा न्या. पायात बंद बूट, कारण हत्यार हातातून पडतं ते टोकावरच. डॉक्टरांना विचारून प्रत्येक ड्रॉवर उघडा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा नकाशा काढा: वरच्या कप्प्यात काय, खालच्यात काय, सिमेंट कुठं, बर (दात कोरायची टोकं) कुठं, जादा ग्लोव्हज कुठं. संध्याकाळी घरी तो नकाशा न बघता पुन्हा काढा. जे आठवलं नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला, पेशंट यायच्या आधी, जाऊन बघून घ्या.